कारण न सांपडणारें दुखणें : मान, खांदा, छाती व हात यांच्या वेदनेचा विचार

कापसाची वेचणी संपत आली म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यांतील कोणत्याही गांवच्या पारावर बसावें आणि चार माणसांस प्रकृति विचारावी. त्यांतील दोघे तरी खांद्यावर हात ठेवून उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. कोणाची मान आंखडलेली असते, कोणाच्या पाठींत कळ असते, कोणाचा हात डोक्यावर जात नाहीं. बैल लंगडूं लागला तर आपण त्याच दिवशीं खूर उचलून पाहतों. स्वतःचें दुखणें मात्र "वात आहे, जाईल" असें म्हणून हंगामभर अंगावर काढतों. पुढें कधीं डॉक्टरांकडे गेलों आणि तपासण्या निर्दोष निघाल्या म्हणजे घोटाळा अधिकच वाढतो. दुखतें तर आहे, पण कागदावर कांहींच नाहीं! अशा वेळीं शेतकऱ्यानें काय करावें, याविषयीं स्वानुभव आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजलेली माहिती क्रमानें देण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखकानें तहसील कचेरींत कारकुनी करून वयोमानानें निवृत्ति घेतली. घरची थोडी जमीन आहे, तींत मोसंबीची बाग व कापूस असतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यांत हौसेनें फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि दोन महिन्यांत उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत कळा सुरू झाल्या. एक्स-रे काढला, रक्त तपासलें, मानेचा एमआरआयही झाला. "वयाप्रमाणें थोडी झीज आहे, बाकी कांहीं नाहीं," एवढेंच उत्तर मिळालें. एका ठिकाणीं तर "तुम्हांस भास होतो" असें हंसून सांगण्यांत आलें. त्या वर्षीं जमीन बटाईनें लावून द्यावी, असा विचार घरांत पक्का होत आला होता. तसें करावें लागलें नाहीं. कां तें पुढें येईल.

प्रथम काय पाहावें

गांवांत पूर शिरला असतां आधीं माणसें हलवावयाचीं आणि पंचनामा मागाहून करावयाचा, हा महसुली कामाचा नियम आहे. दुखण्याच्या बाबतींत हाच क्रम ठेवावा. कांहीं दुखणीं थांबूं शकत नाहींत. तीं आधीं ओळखावीं आणि मग बाकीच्यांचा विचार करावा.

त्यांत पहिलें हृदयाचें. छातीच्या मधोमध दडपण, जणूं कोणी पोतें ठेविलें आहे असें वाटणें. तेथून डावा हात, दोन्ही हात, जबडा, मान किंवा पाठ यांकडे कळ जाणें. सोबत घाम, मळमळ, धाप किंवा अंधारी असणें, हीं चिन्हें सर्वांनीं पाठ करावीं. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत छातींत फारसें न दुखतां केवळ धाप, थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागांत जळजळ एवढेंच होऊं शकतें. अशा वेळीं सोडा पिणें, छाती चोळणें, पडून पाहणें यांत वेळ घालवूं नये. रोग्यानें स्वतः मोटारसायकल चालवूं नये. आपल्या राज्यांत २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तेथें फोन करावा आणि ॲस्पिरिनची गोळी चावावी काय हेंही त्यांसच विचारावें. हृदयास रक्त नेणारी नळी गुठळीनें बंद झाली म्हणजे पुढचा स्नायु पाण्यावांचून करपणाऱ्या वाफ्यासारखा मरूं लागतो. गुठळी विरघळविण्याचा किंवा नळी उघडण्याचा उपाय जितका लवकर होईल तितका स्नायु वांचतो. रुग्णालयांत पोहोंचल्यावर दहा मिनिटांच्या आंत हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, निघावा असा दंडक आहे. पहिला आलेख कधीं कधीं निर्दोष येतो. कळ चालूच असेल तर तो पुन्हां काढावा लागतो, म्हणून लगेच घरीं परतूं नये.

माझ्या नोकरीच्या काळांत ओळखीच्या एका शेतकऱ्यानें पहांटे डावा खांदा दुखतो म्हणून तेल लावून घेतलें, शेक घेतला, आणि "दूध घालून येतों, मग पाहूं" असें म्हणून तो घराबाहेर पडला. पुढें महिन्याभरानें त्याच्या वारसांच्या फेरफाराचे कागद माझ्याच मेजावर आले. मुलगा अज्ञान होता. ते कागद तपासतांना मला जें वाटलें, तेंच हा लेख लिहिण्याचें एक कारण आहे.

दुसरें, विषाचें. मण्यार हा साप बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. त्याचा दंश इतका बारीक असतो कीं खूण दिसत नाहीं व माणूस जागाही होत नाहीं. पहांटे घसा दुखणें, पोटांत कळ, सांधे ठणकणें अशी निराळीच तक्रार घेऊन तो उठतो. मागाहून पापण्या जड होतात, गिळतां येत नाहीं, श्वास मंद होतो. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसास पहांटे असें दुखूं लागल्यास मण्यारीची शंका घ्यावी आणि झाडफुकींत वेळ न दवडतां प्रतिविष असलेलें सरकारी रुग्णालय गांठावें. खाट व नीट खोंवलेली मच्छरदाणी हा यावरील स्वस्त उपाय आहे. तसेंच फवारणी करतांना छाती आवळणें, लाळ व घाम सुटणें, बाहुल्या बारीक होणें हीं विषबाधेचीं चिन्हें आहेत. २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करणारे किती तरी शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले, हें विसरतां कामा नये.

विंचवाच्या संबंधांत आपल्या जिल्ह्यास अभिमान वाटावा असें एक उदाहरण आहे. भोकरदन तालुक्यांतील देहेड गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं कोंकणांत महाडकडे विंचूदंशाच्या रोग्यांवर अनेक वर्षें काम केलें. लाल विंचवाचा दंश झालेला माणूस केवळ वेदनेनें मरतो, ही समजूत त्यांनीं मान्य केली नाहीं. घाम, थंड पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब यांची रोग्यापाशीं बसून नोंद केली, आणि घात हृदयावर होतो हें दाखविलें. त्यांचीं निरीक्षणें १९८२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगानें पुढें पुष्कळ जीव वांचले, आणि २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. यांतून आपण घ्यावयाचा धडा असा कीं, दुखण्याचें नांव ठरविण्यापूर्वीं दुखण्याची नीट नोंद करावी.

दुखतें एका ठिकाणीं, कारण दुसऱ्या ठिकाणीं

तांतडीचें कांहीं नाहीं असें ठरल्यावर सावकाश चौकशी करावयाची. येथें एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. शरीरांतील आंतल्या अवयवाची तक्रार पुष्कळदां बाहेरच्या जागेवर उमटते. पित्ताशयांत खडे असले तर उजव्या खांद्यांत किंवा पाठीच्या पात्याखालीं कळ येते, विशेषतः तेलकट जेवणानंतर. याचें कारण असें कीं, छाती व पोट यांमधील पडद्याचा मज्जातंतु आणि खांद्याच्या कातडीचे मज्जातंतु हे मानेंत मज्जारज्जूच्या एकाच भागांत येऊन मिळतात. दोन गट नंबरांची तक्रार एकाच वहींत एकाच नांवानें चढावी, तसा मेंदूचा घोटाळा होतो. हृदयाची कळ हातांत उतरते ती याच रीतीनें.

याखेरीज पुढील गोष्टी डॉक्टरांपुढें अवश्य मांडाव्या. हात जड होऊन पकड सुटूं लागली, सदऱ्याची गुंडी लावतां येईना किंवा चालतांना तोल जाऊं लागला, तर मानेच्या मणक्यांत मज्जारज्जु दबला असण्याचा संभव असतो. तेथें उशीर केल्यास कायमचें अधूपण येऊं शकतें. रात्रीं निजल्यावरही न थांबणारी कळ, सायंकाळचा ताप, वजन घटणें हीं मणक्याच्या क्षयाचीं चिन्हें असूं शकतात. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाच्या शेंड्यावर गांठ झाली असतां ती कधीं कधीं आधीं खांद्याच्या दुखण्यानेंच प्रकट होते. एकाच बाजूस आग होऊन कांहीं दिवसांनीं पुरळ उठलें तर ती नागीण; पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आंत औषध सुरू झाल्यास गुण अधिक येतो. मधुमेह्यांत खांदा हळूहळू आंखडून जाण्याची व्याधि पुष्कळ दिसते; म्हणून खांदा वर जात नसेल त्यानें रक्तांतील साखर तपासून घ्यावी. कित्येकांस आपणांस मधुमेह आहे हें खांद्यामुळेंच प्रथम कळतें.

"कांहीं नाहीं" याचा अर्थ

हें सर्व होऊनही कांहीं सांपडलें नाहीं, तर काय समजावें? एक्स-रेंत हाडें दिसतात. त्यांत वेदना दिसत नाहीं. उतारवयांत मणक्यांची झीज ज्यांस कांहींच दुखत नाहीं अशा लोकांतही सर्रास आढळते. म्हणून झीज दिसली एवढ्यावरून तीच कारण ठरत नाहीं, आणि कांहीं दिसलें नाहीं एवढ्यावरून माणूस खोटें बोलतो असेंही ठरत नाहीं.

वेदना ही मुळांत राखणदार कुत्र्यासारखी आहे. चोर आला कीं भुंकणें हें तिचें काम. परंतु एकदां घरांत चोरी झाली म्हणजे तोच कुत्रा पुढें पान पडलें तरी भुंकतो. भुंकणें खरें असतें. चोर मात्र नसतो. स्नायूवर फार दिवस ताण पडला, झोप मोडली, मनास घोर लागला, म्हणजे मज्जासंस्था अशीच हळवी होते, आणि मूळची इजा भरून आल्यावरही दुखणें चालूच राहतें. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल या दोन शास्त्रज्ञांनीं असें मांडलें कीं, वेदनेच्या संदेशास मज्जारज्जूंत जणूं एक दार आहे आणि तें कमीअधिक उघडतें. लागलेल्या जागीं चोळल्यानें बरें वाटतें, काळजीनें तीच जागा अधिक दुखते, याचा उलगडा त्यावरून होऊं लागला. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हां दुखतें असें जो सांगतो त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असें त्या व्याख्येच्या टिपणींत स्पष्ट नमूद केलें. २०२२ पासून अमलांत आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादींत तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या, दुसऱ्या रोगानें उलगडा न होणाऱ्या वेदनेस स्वतंत्र जागा दिलेली आहे. तात्पर्य, ज्याचें कारण सांपडलें नाहीं तें दुखणेंही दुखणेंच आहे.

वही काय सांगते

मला उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताच्या नोंदी तपासल्या. मग स्वतःच्या खांद्याची पीकपाहणी कां करूं नये, असें वाटलें. वहींत सहा रकाने आंखले : तारीख, केलेलें काम, उचललेलें वजन, रात्रींची झोप, मनावरील ओझें, आणि ० ते १० या मापानें दुखणें. दररोज दिवेलागणीला दोन ओळी लिहावयाच्या, अधिक नाहीं.

दोन महिन्यांनीं वही चाळली तों दोन गोष्टी डोळ्यांपुढें आल्या. पहिली ही कीं, फवारणीच्या दिवशीं दुखणें वाढत नसे. तें दुसऱ्या दिवशीं वाढे. त्यामुळें ज्या दिवशीं बरें वाटे त्या दिवशीं मी दुप्पट काम करीं आणि पुढचे चार दिवस पडून राहीं. दुसरी ही कीं, विजेची पाळी रात्रीं असून पाणी देण्यासाठीं जागरण झालें, किंवा बांधाच्या दाव्याची तारीख जवळ आली, म्हणजे पंप न उचलतांही आंकडा चढे. दुखण्याचें मूळ कारण वहीनें सांगितलें नाहीं. परंतु तें कशानें वाढतें हें सांगितलें, आणि शेतकऱ्यास तेवढें पुष्कळ आहे. पाऊस कां पडत नाहीं हें न कळतांही आपण पाण्याची पाळी ठरवितोंच.

काय करावें, काय टाळावें

१. पूर्ण विश्रांति घेऊं नये. तांतडीचें कारण नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर हात गळ्यांत बांधून ठेवल्यास सांधा आंखडतो आणि स्नायु सुकतात. काम चालूं ठेवावें, पण मोजून.

२. काम दुखण्यावर नव्हे, घड्याळावर थांबवावें. सोळा लिटरचा पंप भरला कीं पाण्याचेंच वजन सोळा किलो होतें; पंपाचें त्याहून निराळें. मीं अर्धा पंप भरून तीन फेऱ्यांनीं आरंभ केला, आणि बरें वाटो वा न वाटो तीनच ठेविल्या. दर आठवड्यास एक फेरी वाढविली. दोन्ही पट्टे सारखे आंवळून दोन्ही खांद्यांवर घ्यावे. एका खांद्यावर लटकवूं नये.

३. वेचणीस येणाऱ्या बायांच्या ओटीचें ओझें मानेवर येतें. शेताच्या दोन टोकांस गाठोडीं ठेवून ओटी वरचेवर रिकामी करावयास सांगावें. यांत मालकाचें नुकसान नाहीं. दुखऱ्या हाताची वेचणी मंदच होते. त्याही आपल्याप्रमाणेंच दुखणें अंगावर काढतात, आणि त्यांस विचारणारा कोणी नसतो.

४. रोज दोन वेळां हलका व्यायाम करावा. दुसऱ्या हातानें बाजेचा आधार घेऊन वांकावें आणि दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा झुलवावा. भिंतीवर बोटांनीं हळूहळू वर चढावें. दोन्ही खांदे मागें ओढून पाठीचीं पातीं एकमेकांजवळ आणावीं. झटका देऊं नये, आणि दुसऱ्याकडून हात ओढून घेऊं नये. व्यायामाची रीत शिकविणारे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांत असतात; एकदां त्यांचेकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावें.

५. पंधरावीस मिनिटें कोमट शेक चांगला. मधुमेह्याची कातडी बधिर असूं शकते, म्हणून शेकाची ऊब आधीं दुसऱ्यानें हात लावून पाहावी.

६. गोळ्या व इंजेक्शनें मनास येईल तशीं घेऊं नयेत. डायक्लोफिनॅक हें नांव पुष्कळांच्या ओळखीचें आहे. हेंच औषध दिलेल्या जनावरांचीं मढीं खाऊन आपल्या देशांतील गिधाडें मूत्रपिंड निकामी होऊन मेलीं, आणि २००६ सालीं जनावरांसाठीं त्यावर बंदी आली. माणसाचें शरीर गिधाडाचें नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें तें औषध थोडे दिवस घेतां येतें. परंतु महिनोन्महिने, उपाशीपोटीं, उन्हांत घाम गाळीत तें घेत राहिल्यास मूत्रपिंड बिघडण्याचा व पोटांत रक्तस्राव होण्याचा धोका माणसासही आहे. नांव न लिहिलेल्या पुड्यांनीं एका रात्रींत गुण आला तर आनंदापेक्षां शंका अधिक घ्यावी. त्यांत स्टिरॉइड असूं शकतें, आणि त्यानें साखर चढते व हाडें ठिसूळ होतात.

७. झोप ही औषधाच्या बरोबरीची समजावी. रात्रींच्या पाण्याची पाळी घरांत आळीपाळीनें वांटून घ्यावी.

८. फार दिवस दुखणाऱ्या माणसाचें मन खचतें. कर्ज, नापिकी आणि त्यांत हें! जगणें नको असें मनांत येऊं लागलें तर तें बोलून दाखवावें. त्यांत कमीपणा नाहीं. केंद्र सरकारनें २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू केलेल्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें, आणि मराठींतही बोलतां येतें.

घरच्यांनीं कसें वागावें

माझ्या पत्नीनें त्या दिवसांत दोनच गोष्टी केल्या. "खरेंच दुखतें का?" असें तिनें एकदांही विचारलें नाहीं, आणि हातांतलें प्रत्येक काम काढूनही घेतलें नाहीं. मीं घागर उचलली तर ती म्हणे, "अर्धी भरा." या दोन शब्दांत मला जितकें शास्त्र दिसलें तितकें मोठ्या खर्चाच्या तपासणींत दिसलें नाहीं. दुखणाऱ्यास खोटें ठरवूं नये, आणि निकामीही ठरवूं नये.

आतां त्या खांद्याची हकिकत पुरी करतों. सहा महिन्यांनीं आंकडा सातावरून तिनावर आला, आणि तो तेथेंच राहिला आहे. कारण आजही सांपडलेलें नाहीं. पूर्ण पंप मी उचलीत नाहीं. पण मोसंबीची छाटणी करतों, अर्ध्या पंपानें फवारणी करतों, आणि जमीन बटाईनें गेली नाहीं. चौकशी संपली नाहीं म्हणून शेत पडीक ठेवीत नाहींत, हें आपण सर्व जाणतोंच. शरीराविषयींही तसेंच आहे. मात्र छातींत दडपण आणि अंगास घाम असें एकत्र झालें, तर त्या दिवशीं वही, शेक, व्यायाम सारें बाजूस ठेवावें आणि आधीं १०८ ला फोन करावा. वाचकांनीं हा लेख विसरला तरी चालेल; हें एवढें एक वाक्य आपल्या घरांतील सर्वांस, विशेषतः मुलांस, अवश्य सांगून ठेवावें.